प्रश्न एक, हिशेबनीस हजार

४ जून २०२४ रोजी लोकसभेची मतमोजणी झाली. सुमारे ६४ कोटी लोकांनी मते दिली होती. म्हणून काही देशभरची मतदानयंत्रे आगगाडीत घालून कोणी दिल्लीला नेली नाहीत. ज्या त्या ठिकाणच्या मोजणीकेंद्रात टेबले मांडली गेली, फेरीमागून फेरी आकडे उतरविले गेले, त्यांच्या तेथल्या तेथे बेरजा झाल्या आणि पुढे गेल्या त्या केवळ बेरजा. संध्याकाळच्या चहापर्यंत घरोघर कौल कळला होता. या व्यवस्थेत काही विशेष बुद्धी खर्च झाली आहे असे आपल्याला वाटतही नाही. लग्नघरी पाने मोजणारासुद्धा पंगतीपंगतीने मोजतो आणि आचाऱ्याला जाऊन एकच आकडा सांगतो.

मोठमोठ्या कंपन्यांच्या माहितीच्या कोठारांतून उत्तरे शोधून काढणारी जी प्रश्नयंत्रे आज जगभर चालू आहेत, त्यांच्या मुळाशी हीच पंगतीची रीत आहे. यंत्र म्हटले म्हणून ती लोखंडाची वस्तू समजू नये. ती एक आज्ञावली असते, म्हणजे सॉफ्टवेअर, आणि ती शेकडो-हजारो संगणकांना एकाच कामाला जुंपते. ‘डिस्ट्रिब्युटेड क्वेरी इंजिन’ असे तिचे भारदस्त इंग्रजी नाव. आम्ही मराठी शिकविणारी माणसे या वाटेला सहसा जात नाही. पण या यंत्रांशी बोलण्याची जी भाषा आहे, तिच्या व्याकरणाच्या ओढीने मी तिकडे गेलो आणि खरे सांगायचे तर व्याकरणापेक्षा हिशेबातच अधिक रमलो.

प्रथम पसाऱ्याची कल्पना यावी. मोबाइलवरून साडी मागविली, रेल्वेचे तिकीट काढले, कोपऱ्यावरच्या वाण्याला फोनवरून पैसे दिले, की कुठेतरी एक ओळ लिहिली जाते. अशा ओळी साठत साठत जातात आणि मग त्यांचे वजन ‘पेटाबाइट’ या मापाने करावे लागते. एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट. संगणकातली फिरती तबकडी सेकंदाला २०० मेगाबाइट वाचते असे धरले, तर एक पेटाबाइट नुसते वाचून काढायला तिला ५० लाख सेकंद लागतील, म्हणजे जवळजवळ ५८ दिवस. घटस्थापनेला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मार्गशीर्ष उजाडल्यावर! तेच काम हजार तबकड्यांत वाटून दिले तर ५,००० सेकंदांत होते, म्हणजे दीड तासाच्या आत.

हे त्रैराशिक शाळकरी मुलालाही सुटेल. पण हजार जणांना कामाला लावले की काय होते, हे ज्याने एखादे स्नेहसंमेलन पार पाडले आहे त्याला विचारावे. एक आजारी पडतो, एक निरोपच न मिळाल्याचे सांगतो, एकाच्या वाट्याला भलतेच जास्त काम येते, आणि एक ‘करतो आहे, करतो आहे’ म्हणत अखेरपर्यंत करीत राहतो. संगणकांचेही असेच आहे. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या टेराडेटा या अमेरिकन कंपनीची यंत्रे असे वाटून हिशेब करीत, पण ती खास बनावटीची आणि महागडी. साध्या, स्वस्त आणि केव्हाही बिघडतील अशा संगणकांच्या जमावाकडून तेच काम कसे करून घ्यावे, याचा धडा २००४ च्या अखेरीस गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत या दोघांनी एका निबंधात घालून दिला. त्यांच्या पद्धतीचे नाव ‘मॅपरिड्यूस’.

पद्धत दोन पायऱ्यांची. माहितीचे साधारण ६४ मेगाबाइटांचे गठ्ठे करून ते निरनिराळ्या संगणकांवर आधीच ठेवलेले असतात. पहिल्या पायरीत ज्याच्याजवळ जो गठ्ठा आहे, शक्यतो त्यानेच तो चाळायचा आणि त्यातून हवे तेवढे निवडून वेगळे काढायचे. दुसऱ्या पायरीत एका जातीचा माल एका ठिकाणी आणून त्याची बेरीज करायची. कोणी काय करायचे हे एक मुकादम संगणक ठरवितो. गठ्ठे हलवायचे नाहीत, काम गठ्ठ्यांकडे न्यायचे. मतमोजणीचीच युक्ती.

त्या निबंधात एका चाचणीचे आकडे आहेत. मला ते एखाद्या कथेसारखे वाटतात. सुमारे १,८०० संगणक, एक हजार कोटी नोंदी, प्रत्येक नोंद १०० बाइटांची, आणि काम एवढेच, की सगळ्या नोंदी क्रमवार लावून द्यायच्या. काम ८९१ सेकंदांत झाले, पंधरा मिनिटांच्या आत. या व्यवस्थेत एक खुबी होती. काम संपत आले की जे तुकडे अजून कोणाच्या तरी हातात आहेत, त्यांची दुसरी प्रत एखाद्या मोकळ्या संगणकाला द्यायची आणि दोघांत जो आधी पुरे करील त्याचे उत्तर धरायचे. मग त्यांनी ही खुबी बंद करून पाहिली. ९६० सेकंद झाले तेव्हा दुसऱ्या पायरीचे पाच तुकडे सोडले तर सारे पुरे झाले होते. त्या पाच तुकड्यांनी आणखी सुमारे ३०० सेकंद घेतले! एकूण १,२८३ सेकंद, म्हणजे ४४ टक्के अधिक. नंतर ती खुबी पुन्हा चालू ठेवून त्यांनी १,७४६ पैकी २०० कामकरी ऐन कामात मुद्दाम मारून टाकले. आता काय अनर्थ होतो म्हणून पाहावे, तर ९३३ सेकंद. अवघे ५ टक्के जास्त.

मेलेले दोनशे स्वस्तात पडले आणि रेंगाळणारे पाच महागात गेले. याचे कारण सोपे आहे. मेलेला हाकेला ओ देत नाही, त्यामुळे मुकादमाला लगेच कळते आणि तो त्याचे काम दुसऱ्याला देतो. रेंगाळणारा मात्र प्रत्येक हाकेला ओ देतो. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हा मंडळींना हे वेगळे सांगायला नको. निकाल लागतो तो सर्वांत शेवटचा गठ्ठा येईल तेव्हा, आणि तो गठ्ठा ज्यांच्याकडे असतो ते गृहस्थ नेहमी फोन उचलतात.

वाटून हिशेब करायचा म्हटले, की आणखी एक खाचखळगा लागतो. बेरीज वाटून करता येते, सर्वांत मोठा आकडाही वाटून काढता येतो. सरासरीचे काय? एका तुकडीत १२० मुले आणि सरासरी ५० गुण, दुसरीत ३० मुले आणि सरासरी ७०. दोन सरासऱ्यांची सरासरी ६० येते, पण दीडशे मुलांची खरी सरासरी ५४ आहे. तेव्हा प्रत्येक संगणकाने आपली सरासरी कळवून भागत नाही. त्याने एकूण गुण आणि मुलांची संख्या असे दोन आकडे कळवायचे आणि भागाकार शेवटी एकदाच करायचा. सगळी मुले गुणांप्रमाणे ओळीने उभी केली तर बरोबर मधल्याला किती गुण, असा प्रश्न आला तर मात्र ही सोयही चालत नाही. प्रत्येक तुकडीतला मधला कळला म्हणून एकूणातला मधला कळत नाही.

याच जातीचा, पण रोज लागणारा प्रश्न म्हणजे ‘वेगवेगळी गिऱ्हाइके किती?’ तेच गिऱ्हाईक नाशिकच्या गठ्ठ्यातही असते आणि कोल्हापूरच्याही. दोन्ही ठिकाणचे आकडे मिळविले तर ते दोनदा मोजले जाते, आणि तसे होऊ द्यायचे नसेल तर कोट्यवधी नावे एकीकडून दुसरीकडे न्यावी लागतात. यावर फिलिप फ्लाजोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक तोड काढली. तिचे नाव ‘हायपरलॉगलॉग’, पण नावाला भिऊ नये. नाणे उडविण्याचा खेळ घ्या. कोणी सांगितले, की माझ्या एका डावात सुरुवातीलाच सलग तीन वेळा छापा पडला, तर तो थोडेच डाव खेळला असेल. सलग वीस वेळा पडला म्हणाला, तर तो दहा लाखांच्या आसपास डाव खेळला असला पाहिजे, कारण असा योग साधारण तेवढ्यांतून एकदा येतो. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या क्रमांकाचे एका ठराविक नियमाने छापा-काट्यांच्या ओळीत रूपांतर करायचे आणि ‘सर्वांत लांब सलग छापे किती’ एवढेच लक्षात ठेवायचे. तेच गिऱ्हाईक शंभरदा आले तरी त्याची ओळ तीच, म्हणून दुबार मोजणीचा प्रश्नच राहत नाही. दोन संगणकांची उत्तरे जुळवायची तर दोहोंतला मोठा आकडा घ्यायचा. एकाच खेळावर भरवसा ठेवला तर फसगत होईल, म्हणून असे पुष्कळ खेळ एकदम मांडून त्यांचा मेळ घालतात. अशा रीतीने दीड किलोबाइट जागेत १०० कोटींहून अधिक वेगवेगळ्या गोष्टींचा अंदाज येतो आणि त्यात चूक राहते ती सुमारे २ टक्के. दीड किलोबाइट म्हणजे या लेखातला एखादा लहानसा परिच्छेद!

आता भाषेकडे येतो. गूगलचा निबंध वाचून डग कटिंग आणि माइक कॅफेरेला यांनी तशीच व्यवस्था सर्वांसाठी खुली अशी बनविली. ती २००६ पासून ‘हडूप’ या नावाने ओळखली जाऊ लागली. कटिंग यांच्या लहान मुलाचा एक पिवळा खेळण्यातला हत्ती होता, त्याचे हे नाव. हत्ती ताकदवान होता, पण त्याला हाकणे हे माहुताचेच काम. साधा प्रश्न विचारायचा तरी त्या दोन पायऱ्यांचा एक नवा कार्यक्रम लिहावा लागे. व्यापार कळणाऱ्याला कार्यक्रम लिहिता येत नसे आणि कार्यक्रम लिहिणाऱ्याला व्यापारातले प्रश्न सुचत नसत. २००७ च्या सुमारास फेसबुकमध्ये आशीष थुसू आणि जॉयदीप सेन सर्मा यांनी ‘हाइव्ह’ नावाची सोय उभारण्यास आरंभ केला. हाइव्हने या हत्तीला एक जुनी भाषा शिकविली.

ती जुनी भाषा म्हणजे एसक्यूएल. १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी असा विचार मांडला, की माहिती साध्या तक्त्यांत असावी आणि विचारणाऱ्याला ती कोणत्या कपाटात, कोणत्या फडताळावर आहे हे ठाऊक असण्याची गरज पडू नये. १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या विचाराला साजेशी भाषा रचली. तिचे मूळ नाव ‘सीक्वेल’. त्या नावावर दुसऱ्याचा हक्क निघाला म्हणून ती एसक्यूएल झाली. या भाषेतले वाक्य सांगते ते एवढेच: अमुक रकाने निवडा, तमुक तक्त्यातून, अशी अशी अट असेल तेथे, अमक्याप्रमाणे गट पाडून. व्याकरण शिकविणाऱ्याला तिची मोठी गंमत वाटते. वाक्यात कर्म आहे, अपादान आहे, अट घालणारे गौण वाक्य आहे. नाही ते फक्त रीतिवाचक क्रियाविशेषण! काम ‘कसे’ करावे हे सांगण्याची जागाच तिच्यात ठेवलेली नाही.

मग ‘कसे’ कोण ठरविणार? ते यंत्राने ठरवायचे. एका प्रश्नाच्या उत्तराला पोचण्याच्या अनेक वाटा असतात. त्या प्रत्येकीचा खर्च अंदाजून स्वस्त वाट निवडण्याची पद्धत १९७९ मध्ये आयबीएमच्याच पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिली. आजच्या पुष्कळ प्रश्नयंत्रांतला नियोजक त्याच घराण्यातला आहे. माझ्या मते या सगळ्या कारखान्यात खरा बुद्धिमान काय तो हा नियोजकच. बाकीचे नुसते कष्टाळू.

तो काय करतो ते एक उदाहरण घेऊन पाहू. महाराष्ट्रभर साड्या विकणारी एक पेढी आहे अशी कल्पना करा. तिच्याकडे विक्रीचा एक तक्ता आहे. त्यात दहा वर्षांच्या ५०० कोटी ओळी आणि ८० रकाने. (एवढ्या साड्या! पण कल्पनेत काटकसर कशाला?) दुसरा तक्ता दुकानांचा, ४,००० ओळींचा. त्यात दुकानाचा क्रमांक आणि त्याचा जिल्हा. मालकिणीने विचारले, ‘गेल्या दिवाळीच्या महिन्यात जिल्हावार विक्री किती झाली?’

नियोजक पहिल्यांदा काय वाचायचे नाही ते ठरवितो. विक्रीचा तक्ता महिन्यामहिन्याच्या वेगळ्या कप्प्यांत ठेवलेला असेल, तर १२० कप्प्यांपैकी एकच उघडायचा. सणाचा महिना म्हणून त्यात सहा कोटी ओळी निघाल्या असे समजू. उरलेल्या ४९४ कोटींना हातही लागत नाही. मग रकाने. या प्रश्नाला ८० पैकी दोनच लागतात, दुकानाचा क्रमांक आणि रक्कम. पण माहिती आपल्या वहीसारखी ओळीओळीने लिहिलेली असेल, तर दोन रकान्यांसाठी सगळी ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. म्हणून या कोठारांत माहिती उभी ठेवतात. सगळ्या रकमा एकापुढे एक, सगळे क्रमांक एकापुढे एक. गूगलने २०१० मध्ये ‘ड्रेमेल’ या आपल्या यंत्राविषयी निबंध प्रसिद्ध केला, त्यात अशा उभ्या मांडणीचाच एक प्रकार होता. ट्विटर आणि क्लाउडेरा या कंपन्यांनी २०१३ मध्ये आणलेली ‘पार्के’ ही मांडणी त्याच वळणाची. तिचा दुहेरी फायदा होतो. एक, नको ते रकाने वाचावे लागत नाहीत. दोन, एकसारख्या वस्तू शेजारी आल्या की त्या घट्ट बसतात. ‘नागपूर’ हा शब्द लागोपाठ दहा हजार वेळा आला, तर तो एकदा लिहून पुढे दहा हजार हा आकडा टाकला की झाले. शिवाय प्रत्येक गठ्ठ्याला एक चिठ्ठी लावलेली असते आणि तीवर आतला सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा असतो. लाखावरच्या विक्रीची चौकशी असेल आणि चिठ्ठीवर सर्वांत मोठा आकडा साठ हजार असेल, तर तो गठ्ठा सोडायचासुद्धा नाही. आपल्या घरच्या गृहिणी डब्यांना चिठ्ठ्या लावतात त्या याच हेतूने.

आता जोड घालायची. विक्रीच्या तक्त्यात जिल्हा नाही, तो दुकानांच्या तक्त्यात आहे. नियोजक पाहतो, की दुकानांचा तक्ता चिमुकला आहे. तेव्हा त्याची एकेक प्रत दोनशे कामकरी संगणकांना वाटून द्यायची. ज्याने त्याने ती हाताशी ठेवावी आणि आपल्या ओळींपुढे जिल्हा लिहीत जावे. सहा कोटी ओळी जागच्या हलत नाहीत.

दोन्ही तक्ते अवाढव्य असते, तर ही सोय नव्हती. मग फेरवाटप आले. अमुक क्रमांकाच्या ओळी, मग त्या कोणत्याही तक्त्यातल्या असोत, अमुकच संगणकाकडे पाठवायच्या. म्हणजे जुळणाऱ्या ओळी एकाच ठिकाणी भेटतात. सगळ्यांनी सगळ्यांना पार्सले पाठविण्याचा हा प्रकार या धंद्यातला सर्वांत खर्चीक भाग, आणि रेंगाळणाऱ्यांचा जन्मही पुष्कळदा येथेच होतो. मराठी माणसांची यादी आडनावाच्या पहिल्या अक्षराने वाटली, तर ‘प’ ज्याच्याकडे जाईल त्याची अवस्था काय होईल! पाटील, पवार, पाटणकर, परांजपे सगळे त्याच्या दारात, आणि ‘ढ’वाला दुपारीच मोकळा. म्हणून अक्षर न घेता क्रमांक घुसळून वाटतात. पण घुसळूनही एक जात जिरत नाही. ज्यांनी ग्राहकक्रमांकाचा रकाना कोराच सोडला, त्या सगळ्यांचे क्रमांक एकसारखे, म्हणजे कोरे. जोड घालताना त्या कोऱ्या ओळी आधीच बाजूला काढल्या नाहीत, तर त्या एकाच संगणकाच्या डोक्यावर येऊन आदळतात. बाकीचे १९९ हात झाडून बसतात आणि मालकिणीच्या पडद्यावरचे चाक फिरतच राहते.

आपल्या उदाहरणात तसे काही झाले नाही. प्रत्येक कामकऱ्याने आपल्याकडच्या ओळींची जिल्हावार बेरीज केली. जिल्हे ३६, म्हणून एकेकाकडून फार तर ३६ ओळी निघाल्या. दोनशे जणांच्या मिळून ७,२००. त्या जिल्ह्याप्रमाणे एकत्र आल्या, त्यांची शेवटची बेरीज झाली आणि पडद्यावर ३६ ओळी उमटल्या.

हाइव्ह हे सारे करी, पण हत्तीच्या चालीने. मॅपरिड्यूसच्या शिस्तीप्रमाणे दर टप्प्याचे उत्तर तबकडीवर लिहून ठेवायचे आणि पुढच्याने ते पुन्हा वाचायचे. ही शिस्त सुरक्षित खरी, पण प्रश्न विचारून जेवून यावे लागे. माणसाचे विचार करणे प्रश्नातून प्रश्न निघत चालते. उत्तराला तास लागला तर तो दुसरा प्रश्न मनातच विरून जातो. म्हणून २०१२ मध्ये फेसबुकच्याच मार्टिन ट्रॅव्हर्सो, डेन सुंडस्ट्रॉम, डेव्हिड फिलिप्स आणि एरिक ह्वांग यांनी ‘प्रेस्टो’ बनविण्यास घेतले. यात टप्पे एकमेकांची वाट पाहत नाहीत. एकाच्या हातून निघालेला माल मेमरीतून मेमरीत, थेट दुसऱ्याच्या हाती जातो. मध्ये लिहिणे नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये प्रेस्टो सर्वांना खुले केले, तेव्हा फेसबुकच्या कोठारात ३०० पेटाबाइट माहिती होती आणि हजाराहून अधिक कर्मचारी त्याला रोज ३०,००० च्या वर प्रश्न विचारीत होते. हा कार्यक्रम लिहिणाऱ्यांचा मूठभर वर्ग नव्हे. प्रश्न सुचणारे लोक स्वतःच प्रश्न विचारू लागले होते.

पण वेगाची किंमत मोजावी लागते. मध्ये काही लिहून ठेवायचे नाही म्हटल्यावर एखादा कामकरी वाटेत कोसळला, तर त्याच्या हातचे सारे गेले. प्रेस्टोने येथे सरळ हात वर केले होते. प्रश्न फसला, पुन्हा विचारा. दोन मिनिटांच्या प्रश्नाला हे चालते, रात्रभर चालणाऱ्या हिशेबाला चालत नाही. ही मूळ मंडळी पुढे फेसबुकमधून बाहेर पडली. नावाच्या हक्कावरून वाद झाल्याने त्यांच्या शाखेने डिसेंबर २०२० मध्ये ‘ट्रिनो’ हे नाव घेतले. या ट्रिनोनेच २०२२ मध्ये कोसळलेल्या तुकड्यापुरते काम पुन्हा करून घेण्याची सोय आणली, आणि ती अर्थातच मधली उत्तरे लिहून ठेवूनच. म्हणजे हत्तीची शिस्त थोडीशी परत आली! हवी तेव्हा चालू करायची, एवढाच फरक.

आणि पैशांची किंमतही असते. ॲमेझॉनने २०१६ मध्ये प्रेस्टोवर उभारलेली ‘अथीना’ ही सेवा काढली तेव्हा आकारणी अशी होती, की चाळलेल्या माहितीला दर टेराबाइटमागे ५ डॉलर. उभ्या मांडणीतल्या १०० टेराबाइटांच्या तक्त्यातून लागणारे दोनच रकाने मागितले आणि ते तीन टेराबाइट भरले, तर १५ डॉलर. ‘कोणते ते नंतर बघू, सगळेच दे’ म्हटले, तर ५००. शब्दांचा आळस इतका रोख भोवलेला मी दुसऱ्या कोणत्या भाषेत पाहिला नाही.

पैसे गेले तर निदान बिलावर दिसतात. न दिसणारे नुकसान वेगळेच आहे. आपल्या पेढीच्या तक्त्यात काही दुकानांपुढे ‘अहमदनगर’ आणि २०२४ च्या नामांतरानंतर नोंदलेल्या दुकानांपुढे ‘अहिल्यानगर’ असे लिहिलेले असेल, तर उत्तरात ३७ ओळी येतील. ही चूक लक्षात येईल, कारण जिल्हे ३६ आहेत हे मालकिणीला ठाऊक आहे. पण कारकुनाच्या हातून सोलापूरची काही दुकाने तक्त्यात दोनदा चढली असतील, तर? विक्रीची प्रत्येक ओळ त्या दोन्ही नोंदींशी जुळेल आणि त्या दुकानांची विक्री दुप्पट होऊन बसेल. यंत्राने कोठेही चूक केलेली नसते. त्याला जे विचारले ते त्याने इमानाने केले. ओळी ३६ च, कोठे तांबडा दिवा नाही, उत्तर चार सेकंदांत हजर. त्या आकड्यावर सोलापूरला जास्त माल जाईल आणि साताऱ्याचे एखादे दुकान बंद करण्याचे ठरेल. त्या दुकानातल्या विक्रेत्याला आपली नोकरी एका दुबार नोंदीपायी गेली हे कधी कळणारही नाही. उत्तराला ५८ दिवस लागत असते, तर त्यावर चार माणसांनी नजर टाकली असती. चार सेकंदांच्या उत्तराकडे पुन्हा पाहण्याची आपल्याला सवय नाही.

यावर तोड या भाषेतच एका शब्दात आहे. प्रश्नाच्या आधी ‘एक्सप्लेन’ हा शब्द लिहिला, की यंत्र उत्तर काढायला न धावता आधी आपला बेत सांगते. कोणता तक्ता पहिला वाचणार, जोड कशी घालणार, किती ओळी निघतील असा अंदाज आहे. संस्कृत श्लोकाचा अर्थ लावण्यापूर्वी अन्वय लावून घ्यावा तसा हा प्रश्नाचा अन्वय. त्यापुढे ‘ॲनलाइझ’ जोडले, तर काम प्रत्यक्ष करून प्रत्येक टप्प्यात किती ओळी शिरल्या आणि किती बाहेर पडल्या, तेही दाखविते. मालकिणीने तेथे एकच गोष्ट पाहायची. प्रत्येक विक्रीला एकच दुकान असते, तेव्हा जोड घालण्याच्या टप्प्यात विक्रीच्या जेवढ्या ओळी आत गेल्या, तेवढ्याच बाहेर यायला हव्यात. सहा कोटी आत गेल्या आणि सहा कोटी वीस लाख बाहेर आल्या असतील, तर कोणी न विणलेल्या वीस लाख साड्या सोलापुरात खपल्या आहेत.